एमआरआयमधलं मायलिन काचपट्टीवर ताडून पाहताना

एमआरआयच्या नकाशावर मेंदूच्या एखाद्या भागात मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं स्निग्ध आवरण, कमी दिसतं. त्याच भागाचा छेद घेऊन मायलिनला धरणारा निळा रंग दिला, तर तिथे रंगही फिका यायला हवा. काम सांगायला एवढंच आहे. पण नकाशा आणि काचपट्टी यांच्या मधे फॉर्मलिन येतं, सुरी येते, मेणात घालण्याआधीचं झायलीन येतं, पातळ छेद कापणारा मायक्रोटोम येतो आणि कोकणात असाल तर पावसाळ्याची चिकट हवाही येते. आकडे जुळले नाहीत की लोक एमआरआयला नाही तर स्टेनला, म्हणजे रंगकामाला, दोष देतात. बहुतेक वेळा खोट या मधल्या वाटेवर असते. तुलना केलेली जागा एकच नसते, किंवा जागा तीच असून ऊतक बदललेलं असतं.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा अलिबागकडच्या एखाद्या संस्थेत हे करायचं, तर हाताशी १.५ टेस्लाचा रुग्णसेवेचा स्कॅनर आणि पॅथॉलॉजी विभागाचं नेहमीचं साहित्य असेल, असं इथे धरलं आहे. मानवी ऊतकाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण साखळी बकऱ्याच्या भेजावर एकदा पार पाडावी. भेजा बाजारात मिळतो, मृत्यूची वेळ ठाऊक असते, आणि हातून बिघडला तर दुसरा आणता येतो. मानवी ऊतकासाठी नैतिकता समितीची परवानगी लागतेच. खाटकाकडच्या भेजासाठी प्राणी संशोधनासाठी मुद्दाम मारलेला नसतो, तरी संस्थेच्या समितीला लेखी कळवून ठेवावं.

आधी ठरवा, मोजताय काय

मायलिन थेट कुणीच मोजत नाही. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० ते ८० टक्के स्निग्ध पदार्थ असतात, बाकी प्रथिनं. त्या स्निग्ध थरांचा स्वतःचा सिग्नल इतक्या झटकन विझतो की नेहमीच्या एमआरआयला तो पकडता येत नाही. म्हणून प्रत्येक पद्धत आडून अंदाज घेते. मायलिन वॉटर फ्रॅक्शन हे थरांच्या मधे अडकलेलं पाणी मोजतं. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर, म्हणजे एमटी, मोठ्या रेणूंना चिकटलेल्या प्रोटॉनांचा मोकळ्या पाण्यावर होणारा परिणाम मोजतं. आर-टू-स्टार म्हणजे ग्रेडियंट एकोत सिग्नल विझण्याचा वेग; त्यात मायलिन आणि लोह दोन्ही एकाच दिशेने भर घालतात. ससेप्टिबिलिटीच्या, म्हणजे ऊतकाच्या चुंबकीय प्रवृत्तीच्या, नकाशात मात्र ती दोन एकमेकांविरुद्ध ओढतात.

काचपट्टीवरही तीच गत. लक्सॉल फास्ट ब्लू, म्हणजे एलएफबी, क्लूव्हर आणि बॅरेरा यांनी १९५३ साली मज्जासंस्थेच्या छेदांसाठी रूढ केला. पॅराफिन मेणात जाताना अल्कोहोल आणि झायलीन बरेच स्निग्ध पदार्थ धुऊन नेतात. त्यातून जे उरतं, त्यालाच हा रंग धरतो. एमबीपी किंवा पीएलपी या मायलिनमधल्या प्रथिनांची इम्युनो-स्टेनिंग (अँटिबॉडीने केलेलं रंगकाम) केवळ एकेका प्रथिनाबद्दल बोलते.

तेव्हा ‘एमआरआयचं मायलिन विरुद्ध खरं मायलिन’ अशी मांडणी वहीत करू नका. ‘एमटीआर (एमटी पल्समुळे सिग्नल किती टक्के घटतो तो आकडा) विरुद्ध एलएफबीची ऑप्टिकल डेन्सिटी (रंगाची गडदता)’ असं नेमकं लिहा. पुढचा अर्धा गोंधळ तिथेच टळतो.

कोणता नकाशा निवडावा? १.५ टेस्लावर सगळ्यात सहज जमणारा एमटीआर. त्याच्या जोडीला बदलत्या फ्लिप अँगलने आर-वन (१ भागिले टी-वन; टी-वन म्हणजे प्रोटॉन पूर्वस्थितीत यायला लागणारा वेळ) आणि अनेक एकोंच्या ग्रेडियंट एकोवरून आर-टू-स्टार घ्यावं. मायलिन वॉटरसाठी साधारण १० मिलिसेकंदांच्या अंतराने ३२ एको लागतात आणि सिग्नल-टू-नॉइज शंभराच्या वर लागतो. स्कॅनरवर तशी सिक्वेन्स नसेल तर आठ एकोंवर ओढाताण करू नका. डीटीआयमधली (पाण्याच्या रेणूंच्या हालचालीच्या चित्रणातली) रेडियल डिफ्युझिव्हिटी, म्हणजे तंतूंना आडवी हालचाल, मोहात पाडते, कारण डीटीआय सगळीकडेच असतं. पण तंतू एकमेकांना छेदून जातात तिथे हा आकडा मायलिनबद्दल काहीच सांगत नाही. टी-वन आणि टी-टू (सिग्नल विझायला लागणारा वेळ) चित्रांचा भागाकारही असाच सोपा आणि फसवा. २०२० साली ४३ अभ्यास एकत्र करून झालेल्या मेटा-अॅनालिसिसमध्ये एमटी आणि रिलॅक्सोमेट्रीवर (टी-वन, टी-टूसारखे वेळ मोजण्यावर) आधारलेल्या मापांचा ऊतकाशी सर्वांत चांगला मेळ बसला होता. सुरुवात तिथूनच करावी.

भेजा आणणे आणि मुरवणे

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. नेहमीसारखी मुंडी मधोमध फोडली की भेजाचे दोन तुकडे होतात आणि सत्तूराचा घाव कॉर्पस कॅलोसमवरूनच (दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यावरूनच) जातो. कवटी कडेने फोडून भेजा अखंड काढून द्यायला सांगा. बर्फावर आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेल्या कडेला पुढे छेदात भोकं दिसतात.

न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन एक लिटर करायला ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घ्या. ऊतकाच्या आकारमानाच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट द्रावण हवं. बरणीच्या तळाला कापसाची गादी घालून वर गॉज पसरा, नाहीतर भेजाची खालची बाजू चपटी होते आणि तो चपटेपणा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही. दुसऱ्या दिवशी द्रावण बदला, मग आठवड्याने पुन्हा. दोन आठवडे मुरू द्या. अख्ख्या मानवी मेंदूला तीन आठवड्यांहून कमी देऊ नये.

प्रत्येक नमुन्याला सारखेच दिवस मिळाले पाहिजेत. फॉर्मलिनमुळे टी-वन आणि टी-टू दोन्ही घटतात. एक भेजा १४ दिवस आणि दुसरा ६० दिवस मुरलेला असेल, तर त्यांच्यातला फरक मायलिनचा की फॉर्मलिनचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

स्कॅनच्या आधी फॉर्मलिन धुऊन काढायचं. मोकळं फॉर्मलिन ऊतकात राहिलं तर टी-टू खोटा कमी येतो. फॉस्फेट बफर सलाइनमध्ये अख्खा भेजा आठवडाभर ठेवा आणि बफर रोज बदला. आपल्याकडच्या उकाड्यात या बफरवर चार दिवसांत बुरशीची तार धरते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि ०.०५ टक्के सोडियम अझाइड घाला. अझाइड जहाल विष आहे. शिवाय तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात साचलं तर स्फोटक क्षार होतात, त्यामुळे ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. फॉर्मलिनही गटारातून खाडीत सोडायचं नाही. दोन्ही वेगवेगळ्या कॅनमध्ये जमवून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे द्यायची.

स्कॅनरपर्यंतचा प्रवास

स्कॅनर दुसऱ्या गावी असेल तर नमुना स्वतःच्या गाडीने न्या. फॉर्मलिनची बरणी रेल्वेत घेऊन बसू नका. नमुना बफरमध्ये असावा आणि बरणी काठोकाठ भरलेली असावी. वर दोन बोटं हवा राहिली तर महामार्गाच्या खड्ड्यांत भेजा झाकणावर आपटत राहतो, आणि बुडबुडे सल्कसमध्ये (मेंदूवरच्या खाचांत) जाऊन बसतात. उन्हात उभ्या गाडीत बरणी सोडून जेवायला जाऊ नये.

स्कॅनच्या खोलीत नमुना किमान तीन-चार तास आधी नेऊन ठेवा. टी-वन आणि डिफ्युझन दोन्ही तापमानावर हलतात. फ्रिजमधून थेट काढलेला भेजा दोन तासांच्या स्कॅनमध्ये हळूहळू गरम होत राहतो, आणि पहिला नकाशा व शेवटचा नकाशा वेगवेगळ्या तापमानांचे होतात. सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान वहीत टिपा.

स्कॅनसाठी धातूचा अंशही नसलेली प्लास्टिकची बरणी घ्या. भरायला फ्लोरिनर्टसारखं प्रोटॉनविरहित द्रव उत्तम, कारण त्याचा स्वतःचा सिग्नल येत नाही आणि पार्श्वभूमी काळी राहते. महाग असतं, पण गाळून पुन्हा वापरता येतं. मात्र ते पाण्याच्या जवळपास पावणेदोनपट जड असल्याने भेजा त्यात बुचासारखा वर येतो. प्लास्टिकची जाळी आणि स्पंज लावून तो दाबून ठेवा. एवढा खर्च झेपत नसेल तर बफरमध्ये केलेलं १ टक्का अगार चालतं. ते भेजाला घट्ट धरतं, पण कडेचे व्हॉक्सेल (एमआरआय चित्रातले छोटे घन) पाण्यासारखे दिसतात, म्हणून पृष्ठभागाचा एक थर मापनातून वगळावा लागतो. बरणी बंद करण्याआधी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये वीस-तीस मिनिटं हवा ओढा आणि मधून मधून टिचक्या मारा. व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पोकळीत) राहिलेला बुडबुडा आर-टू-स्टारवर स्वतःहून कितीतरी मोठा काळा डाग पाडतो आणि तो लोहाच्या साठ्यासारखा दिसतो.

बाहेर दोन थरांची गळतीरोधक पिशवी हवीच. त्याच टेबलावर सकाळी रुग्ण झोपणार आहे.

मनगटाची किंवा गुडघ्याची कॉइल वापरा, डोक्याची नको. थ्रीडी ग्रेडियंट एको, १ मिमी घन व्हॉक्सेल, जमतील तितकी अॅव्हरेजेस. रात्रीचा स्लॉट मिळाला तर सोनं. एमटीआरचा हिशेब सोपा आहे: एमटी पल्स बंद असतानाचा सिग्नल ८०० आणि चालू असतानाचा ४८० असेल, तर (८०० − ४८०) ÷ ८०० म्हणजे ४० टक्के. इथे एक सापळा असतो. दोन स्कॅनच्या मधे यंत्राने आपोआप प्रीस्कॅन करून रिसीव्हर गेन बदलला, तर हा भागाकार निरर्थक ठरतो. प्रीस्कॅन एकदाच, मग लॉक. आर-वनसाठी बी-वन नकाशा (रेडिओ पल्सची ताकद जागोजागी किती ते दाखवणारा) घ्यायला विसरू नका. मायलिन वॉटर काढत असाल, तर मुरलेल्या ऊतकात सगळेच टी-टू आखूड झालेले असतात. जिवंत मेंदूसाठी वापरतात ती ४० मिलिसेकंदांची सीमा जशीच्या तशी लावू नका. टी-टूच्या आलेखातली दरी पाहून सीमा ठरवा आणि काचपट्ट्या पाहण्याआधी ती वहीत लिहून सही करा.

खुणांसाठी माशाच्या तेलाची कॅप्सूल अनेक जण वापरतात. दिसते छान, पण १.५ टेस्लावर चरबीचा सिग्नल पाण्यापासून सुमारे २२० हर्ट्झ सरकलेला असतो. बँडविड्थ दर पिक्सेलला ११० हर्ट्झ असेल तर खूण आपल्या जागेपासून दोन पिक्सेल दूर दिसते, म्हणजे २ मिमी. ढोबळ दिशा समजायला ती पुरते, रजिस्ट्रेशनला (दोन चित्रं जागेवर जुळवायला) नाही. त्याऐवजी अगार भरलेल्या तीन बारीक प्लास्टिक नळ्या एका रेषेत येणार नाहीत अशा बसवा.

कापणी, ब्लॉक, छेद

स्कॅनच्या प्रतलातच कापायचं. भेजा अगारमध्ये बसवून खाचा असलेल्या साच्यात ४ मिमीच्या चकत्या करा आणि प्रत्येक चकतीचे दोन्ही बाजूंनी मोजपट्टीसह फोटो घ्या. सुरी नवी, गंज नसलेली. खाऱ्या हवेत पातं आठवड्यात तांबूस होतं, आणि गंजाचा एक कण लोहाच्या स्टेनमध्ये निळा ठिपका होऊन बसतो.

चकत्या प्रोसेसरमध्ये घालताना बायोप्सीचा नेहमीचा रात्रभराचा कार्यक्रम लावू नका. मेंदूच्या जाड चकतीतलं पाणी तेवढ्या वेळात निघत नाही, मधला भाग मऊ राहतो आणि मायक्रोटोमवर खड्डा पडतो. प्रत्येक टप्प्याचा वेळ दुप्पट-तिप्पट करा. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. अॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं आणि नावापुरतंच अॅब्सोल्यूट उरतं. शेवटच्या अल्कोहोलच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेटचा थर गाळणकागदाखाली ठेवा. पांढरा आहे तोवर ठीक, निळा झाला की अल्कोहोल बदला. त्यानंतरचं झायलीन दुधाळ झालं तर पाणी पुढे गेलंय, चकत्या मागे घ्या.

छेदाची जाडी १० मायक्रॉन. रंगाची तीव्रता जाडीच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे एका मायक्रॉनची चूक म्हणजे आकड्यात दहा टक्क्यांची चूक. ब्लॉक बर्फावर गार करून एका बैठकीत, एकाच हाताने कापा. उकाड्यात मेण मऊ झालं की छेद दाबले जातात आणि एका दिशेने आखूड होतात. कापण्यापूर्वी दर वेळी ब्लॉकच्या पृष्ठभागाचा फोटो घ्या. पुढे रजिस्ट्रेशनमध्ये हाच फोटो दुवा ठरतो.

१ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये असे शंभर छेद मावतात. एकच छेद घेऊन त्याची व्हॉक्सेलशी तुलना म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा. दर २०० मायक्रॉनला एक, असे पाच छेद घ्या आणि त्यांची सरासरी धरा.

निळा रंग देणे आणि उतरवणे

१. एलएफबी ०.१ ग्रॅम, ९५ टक्के अल्कोहोल १०० मिलि, १० टक्के अॅसिटिक आम्ल ०.५ मिलि. गाळून घ्या.

२. छेदांतलं मेण झायलीनने काढून ९५ टक्के अल्कोहोलपर्यंत आणा, पाण्यात नेऊ नका.

३. घट्ट झाकणाच्या भांड्यात ५६ ते ६० अंश सेल्सियसला १६ तास. अल्कोहोल आहे, उघड्या कॉइलचा ओव्हन नको.

४. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जादा रंग काढा, मग डिस्टिल्ड पाणी.

५. ०.०५ टक्के लिथियम कार्बोनेटमध्ये काही सेकंद, नंतर ७० टक्के अल्कोहोल, पुन्हा डिस्टिल्ड पाणी. गरज पडल्यास हीच फेरी पुन्हा.

६. अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (वरची काच चिकटवायचं द्रव्य).

तिसऱ्या पायरीवर रात्री वीज जाते. ओव्हन थंड होतो, सकाळी वीज आलेली असते आणि कुणाला काही कळत नाही. रंग मात्र अर्धवट चढलेला असतो. ओव्हन इन्व्हर्टरवर घ्या, किंवा निदान आत तापमान नोंदवणारा लॉगर ठेवा. मधे थंड झालेली बॅच बाकीच्यांत मिसळायची नाही.

पाचवी पायरी सगळ्यात नाजूक. निदानाच्या कामात टेक्निशियन प्रत्येक काचपट्टी डोळ्यांनी पाहून रंग उतरवतो आणि ते बरोबरच असतं. मोजमापात हेच कौशल्य घात करतं. फिकी पट्टी कमी वेळ धुतली आणि गडद जास्त वेळ, की शोधायचा फरकच पुसला जातो. म्हणून आधी सेरेबेलमची (लहान मेंदूची) एक चाचणी पट्टी घ्या. तिच्यात मॉलिक्युलर (सगळ्यात बाहेरचा) थर रंगहीन झाला पाहिजे आणि मधली पांढऱ्या भागाची झाडासारखी फांदी लख्ख मोरपंखी राहिली पाहिजे. फांदीच्या टोकाचे बारीक तंतू दिसेनासे झाले तर जास्त धुतलं. पार्श्वभूमीवर निळसर धुकं उरलं तर कमी धुतलं. मधला वेळ सापडला की तो स्टॉपवॉचवर पक्का करा आणि सगळ्या पट्ट्या एकाच रॅकमध्ये तेवढाच वेळ बुडवा. प्रत्येक बॅचमध्ये त्याच चाचणी ब्लॉकचा एक छेद असू द्या.

क्रेसिल व्हायोलेट या पेशी दाखवणाऱ्या रंगाची जोड दिली की पट्टी देखणी होते, पण तो जांभळा रंगही प्रकाश शोषतो. मोजायच्या पट्टीवर तो नको, शेजारच्या छेदावर द्या. त्याच्या पलीकडच्या छेदावर लोहासाठी पर्ल्स स्टेन आणि आणखी एकावर अॅक्सॉनसाठी (मायलिनच्या आतल्या तंतूसाठी) न्यूरोफिलामेंट स्टेन करा. पर्ल्सच्या वेळी नळाचं किंवा विहिरीचं पाणी कुठल्याच पायरीला वापरू नका. जांभ्याच्या भागात पाण्यातून लोह येऊ शकतं आणि सगळी पट्टी निळसर होते. काचसामानही आम्लाने धुतलेलं हवं. एमबीपीची इम्युनो-स्टेनिंग डीएबी या तपकिरी रंगद्रव्याने केली, तर तपकिरी रंगाची गडदता प्रथिनाच्या प्रमाणात वाढेलच असं नाही. तिथे ऑप्टिकल डेन्सिटी देऊ नका, रंगलेल्या क्षेत्राची टक्केवारी द्या.

रंगाचा आकडा

सूक्ष्मदर्शकाचा दिवा, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक. जेपीईजी नको, गॅमा बंद. छेद नसलेल्या जागेचं रिकामं चित्र दर बैठकीला घ्या. निळा रंग लाल प्रकाश शोषतो, म्हणून लाल चॅनेल वापरा. ऑप्टिकल डेन्सिटी म्हणजे रिकाम्या जागेची तीव्रता भागिले छेदाची तीव्रता, याचा दशमान लॉग.

आधी प्रत्येक पिक्सेलचा लॉग, मग सरासरी. उलट केलं तर काय होतं पाहा. रिकामी जागा २४०. एका व्हॉक्सेलएवढ्या चौकोनात अर्धे पिक्सेल २४० आणि अर्धे २४ आहेत. त्यांच्या ऑप्टिकल डेन्सिटी ० आणि १, सरासरी ०.५. आता आधी तीव्रतेची सरासरी काढली, तर ती १३२, आणि तिची ऑप्टिकल डेन्सिटी फक्त ०.२६. तंतू विरळ असलेल्या भागात ही चूक सगळ्यात मोठी होते, आणि कमी मायलिनचे भाग नेमके तिथेच असतात. चित्र लहान करून मग मोजणारे बहुतेक जण इथेच फसतात.

जागा जुळवणे

काचपट्टी थेट एमआरआयवर चढवू नका. काचपट्टी ब्लॉकच्या फोटोवर, फोटो चकतीच्या फोटोवर, चकती एमआरआयवर, असं पायरीपायरीने जा. पॅराफिनमध्ये ऊतक आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. आधी अफाइन (सगळं चित्र एकसारखं सरकवणं, फिरवणं, ताणणं), नंतर थोडं लवचीक रजिस्ट्रेशन. लवचीकपणा वाढवला की चित्रं सुरेख जुळलेली दिसतात, पण ती खरी जुळलेली असतीलच असं नाही. रजिस्ट्रेशनला न दाखवलेल्या पाच-सहा शारीरिक खुणा बाजूला ठेवा आणि त्यांच्यातली चूक मिलिमीटरमध्ये मोजा. ती एका व्हॉक्सेलपेक्षा जास्त असेल तर पुढे जाऊ नका. मोजण्याचे प्रदेश एमआरआयवर आखावेत, स्टेन न पाहिलेल्या माणसाने, आणि कडेपासून एक व्हॉक्सेल आत.

आकडे मांडताना

तीन भेजे, प्रत्येकी वीस प्रदेश, म्हणजे साठ बिंदू. पण ते साठ स्वतंत्र नमुने नव्हेत, नमुने तीनच. मिश्र-परिणाम मॉडेल (एकाच भेजाचे बिंदू एकमेकांशी निगडित धरणारं) वापरा, किंवा प्रत्येक भेजाचा आलेख वेगळा काढून तिन्हींचा उतार शेजारी द्या.

पांढरा आणि करडा भाग एकाच आलेखावर टाकला की सहसंबंध उत्तमच येतो. त्या दोहोंत पाणी, पेशी, लोह सगळंच वेगळं असतं, त्यामुळे जवळपास कुठलंही एमआरआय माप तिथे हुशार दिसतं. फक्त पांढऱ्या भागातला सहसंबंध वेगळा द्या, कमी आला तरी. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या आजारातल्या मेंदूंवर २००६ साली मायलिन वॉटर आणि एलएफबीची तुलना झाली, तेव्हा सरासरी आर-वर्ग (सहसंबंधाचा वर्ग) ०.६७ होता. निरोगी बकऱ्याच्या पांढऱ्या भागात मायलिनची चढउतारच कमी असल्याने त्याहून खालचा आकडा आला तर दचकू नका. ०.९५ आला तर मात्र पांढरा-करडा कुठे मिसळला ते शोधा. लोह आणि अॅक्सॉनचे आकडे मॉडेलमध्ये घातल्यावर मायलिनचा उतार किती उरतो, तेही छापा. आर-टू-स्टारचा उतार त्यातून क्वचितच शाबूत बाहेर पडतो.

पट्ट्या अंधारात, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांना श्रावणापर्यंत बुरशी धरते. कापलेल्या ब्लॉकच्या तोंडावर मेणाचा पातळ थर द्या आणि गार जागी ठेवा, म्हणजे कुणी लोहाबद्दल शंका काढली तर त्याच जागेचा पुढचा छेद घेता येतो.